न आलेल्या अकराजणी

माझं नाव इनास. गुडघे वाकवणं हा माझा धंदा. सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात चौदा वर्षं मी हेच करते आहे. एका जागी बसणं मला जन्मात जमलं नाही. आई म्हणते, पायाला भिंगरी बांधूनच आलीस तू. पण यंदा रमजानच्या आधी जे नऊ-दहा आठवडे गेले ना, तेव्हाची तगमग वेगळीच होती. तेव्हा बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, आणि कोणी नुसतं 'काय झालं' विचारलं तरी मी अंगावर जायची.

आमच्या विभागाच्या भिंतीवर एक चौकट आहे. तीत आमचा पेपर लावलाय. गुडघ्याचा सांधा बदलल्यावर रुग्णालयात येऊन अठरा वेळा व्यायाम केला काय, किंवा सहा वेळा करून बाकीचा घरी केला काय, तीन महिन्यांनी गुडघा सारखाच वाकतो, असं त्यात दाखवलंय. साठ बायका, तीस-तीसचे दोन गट. पहिलं नाव डॉक्टर रिफअत यांचं, ते आमचे प्रमुख. चौथं माझं. सगळी मोजमापं मी घेतली होती, दोन पट्ट्यांच्या त्या कोनमापकाने; आम्ही त्याला नुसतं पट्टी म्हणतो. पेपर छापून आला त्या दिवशी मी विभागात बसबूसाचं, रव्याच्या गोड वड्यांचं, अख्खं ताट वाटलं होतं.

तेव्हापासून नियम झाला. सहा वेळा यायचं, मग हातात व्यायामाचा कागद आणि घरी रवानगी. हा नियम कोणी दुष्टपणाने केला नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. आमच्याकडे पलंग तीन. बाहेरच्या बाकांवर सकाळी सातला बायका येऊन बसतात, काही तर दोन-दोन महिने नंबर लागायची वाट बघतात. एकीला अठरा वेळा बोलावलं की दोघी बाहेर राहतात. साधं गणित होतं, आणि मला ते पटलं होतं.

मग हाज्जा बहिय्या आली. कफ्र समाहा गावची, वय त्रेसष्ट. तिच्या हातच्या फतीरशिवाय त्या पंचक्रोशीत लग्न लागत नाही म्हणतात. पीठ कागदासारखं पातळ ओढायचं, तुपाने घडीवर घडी घालायची आणि मातीच्या भट्टीत सोडायची. भट्टीचं तोंड जमिनीलगत, त्यामुळे समोर वीतभर उंचीच्या पाटावर बसून काम करायचं. चाळीस वर्षं ती त्याच पाटावर बसली. गुडघा बदलून घेतला तोही पाटासाठीच. पहिल्या दिवशीच मला म्हणाली, "चालता नाही आलं तरी चालेल. बसता आलं पाहिजे."

त्या पाटावर बसायचं तर गुडघा निदान एकशे पंधरा अंश वाकायला हवा. आणि वेळ थोडा असतो. बारा आठवड्यांत जे वाकेल ते वाकेल, पुढे आतले व्रण घट्ट होतात. काही जणांना भूल देऊन डॉक्टर गुडघा जोराने वाकवतात, पण हाज्जाचं हृदय कमजोर. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं, हिला पुन्हा भूल द्यायची नाही.

पाचव्या आठवड्यात तिची सहावी खेप झाली. मी पट्टी लावली.

"किती?" तिने विचारलं.

"बहात्तर."

"मागच्या खेपेला?"

"सत्तर."

"वा. या चालीने माझ्या मयतीपर्यंत मी पाटावर बसेन."

मी हसले आणि तिच्या हातात कागद दिला. "आज सहावी झाली, हाज्जा. आता घरी करायचं. दिवसातून तीनदा."

"आणि नाही वाकला तर?"

"वाकतो. सगळ्यांचा वाकतो. आम्ही मोजलंय."

तिने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. "त्यात लिहिलंय?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि कागदाची घडी घालून जपून ओढणीआड ठेवली. कुबडीवर भार देत, पाय सरळ ओढत ती दारापर्यंत गेली. मी पुढच्या बाईला हाक मारली, पण माझं लक्ष त्या पायावरच होतं.

त्या दुपारी घरी भेंडी फोडणीला टाकली आणि का कोण जाणे, बॅगेतून पेपर काढला. सारांश मला तोंडपाठ होता. पण अख्खा पेपर छापून आल्यापासून मी एकदाही वाचला नव्हता. आपलंच लिहिलेलं कोण वाचत बसतं? उभ्याउभ्याच पानं उलटत गेले. तिसऱ्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. तीन महिन्यांनी मोजलेल्या रुग्ण: अठरा खेपांच्या गटात अठ्ठावीस, सहा खेपांच्या गटात एकोणीस.

तिसातून एकोणीस गेल्या. उरल्या अकरा.

त्या अकरा मला आठवत होत्या, म्हणजे चेहरे नव्हेत, वहीतलं माझं अक्षर. प्रत्येकीच्या नावापुढे मीच लिहिलं होतं, 'आली नाही'. तेव्हा मी रिफअतना विचारलंही होतं, यांचं काय करायचं म्हणून. ते म्हणाले होते, "अगं, बरा झालेला माणूस इथे कशाला येईल? माशा मारायला?" आम्ही सगळे हसलो होतो. हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचतं. दिवसभर पलंगावर कण्हणारे बघून आमची खात्रीच झालेली असते की दुखणारा माणूस आपल्या दारात येणारच, आणि जो दिसत नाही तो सुखात आहे.

भेंडी करपली. आईने आतून ओरडून विचारलं, घर जाळतेस का. मी तिला काहीबाही उलट बोलले आणि रात्रीपर्यंत त्याचंही वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जुनी वही काढली आणि फोन लावायला घेतले. एक नंबर कुवेतमधल्या मुलाचा निघाला, एक कोंबडीवाल्याचा. अकरापैकी आठ जणी चार दिवसांत सापडल्या. पण फोनवर काय कळणार? आमच्याकडे पाय मोडला असला तरी माणूस आधी अल्हम्दुलिल्लाहच म्हणतो. गुडघा कसा आहे? अल्हम्दुलिल्लाह. वाकतो का? अल्लाची कृपा, पोरी, तुझी आई कशी आहे? एकीने मात्र सरळ सांगितलं, "मी गच्चीवर कबुतरं पाळते. दिवसातून चारदा जिना चढते. तुला यायला वेळ कुठाय मला?" तिला फोन ठेवायची घाई होती. म्हणजे रिफअत अगदीच चुकीचे नव्हते. या विचाराने मला जरा हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचा रागही आला.

शुक्रवारी सुट्टी होती. पट्टी बॅगेत टाकली आणि मायक्रोबस पकडली. पहिलं घर उम्म रगबचं. विधवा बाई, मुलाच्या घरी राहते. दिवाणावर बसली होती, उजवा पाय काठीसारखा समोर सरळ. मला बघून तिला इतका आनंद झाला की मलाच चोरट्यासारखं झालं. चहा आला, खजूर आले. मी गुडघ्याला पट्टी लावली. अठ्ठावन्न अंश.

"उम्म रगब, तीन महिन्यांनी मोजायला बोलावलं होतं ना तुम्हाला? का आला नाहीत?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी आपण खुळ्या पोराकडे टाकतो. "तू कशाने आलीस आज?"

"मायक्रोबसने."

"पायरी बघितलीस तिची?"

"बघितली."

"मग? ती चढायला गुडघा वाकावा लागतो, बाई. माझा वाकत असता तर आले नसते का?"

हातातला चहा मी खाली ठेवला. दोन वर्षं मी त्या आकड्यांवर मान ताठ करून फिरत होते. आम्ही एकोणीस जणी मोजल्या, त्या कोण होत्या? ज्यांना मायक्रोबसची पायरी चढता आली त्या. ज्यांना नाही चढता आली त्यांना आम्ही बऱ्या झाल्या म्हणून सोडून दिलं होतं.

त्या दिवशी आणखी दोन गावं केली. एकीचा गुडघा एकसष्टवर अडकलेला, दुसरीचा सहासष्टवर. घरी येऊन वहीत बघितलं, ऑपरेशनच्या आधीचे त्यांचे आकडे काय होते ते. तिघींचा गुडघा आधीपासूनच नव्वदच्या आत अडकलेला होता. कबुतरंवालीचा आधीच एकशे बारा होता. मग एकोणीसजणींचेही काढले. एक सोडून सगळ्या नव्वदच्या वर. पेपर पूर्ण खोटा नव्हता. ज्यांचा गुडघा आधी बरा वाकायचा त्यांना सहा खेपा पुरत होत्या. बाकीच्यांना पुरत नव्हत्या, आणि त्याच आमच्या हिशेबातून गळल्या होत्या.

हाज्जा बहिय्याचा ऑपरेशनच्या आधीचा आकडा होता ऐंशी.

लगेच तिच्या घरी फोन केला. सून बोलली. "व्यायाम करतात हो, रोज करतात. बऱ्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह."

"त्यांना फोन द्या जरा."

"झोपल्यात."

संध्याकाळचे सहाच वाजले होते.

शनिवारी मी रिफअत यांच्या खोलीत गेले. रिफअत बुटके गृहस्थ, कानामागे कायम पेन्सिल, पुढ्यात पुदिन्याचा चहा. मी सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तीन बायका," शेवटी म्हणाले.

"तीन मोजल्या. अकरा हरवल्यात."

"तीन बायकांच्या घरी चहा पिऊन आलीस, त्याला संशोधन नाही म्हणत, इनास. त्याला पाहुणचार म्हणतात."

"आणि न आलेल्यांना बऱ्या धरलं, त्याला काय म्हणतात?"

त्यांच्या मानेवर रक्त चढलं. "चौथं नाव तुझंच आहे त्यावर, विसरू नकोस. बाहेर बाकावर जाऊन बघ. बेचाळीस बायका बसल्यात. हाज्जाला बारा खेपा जास्त दिल्यास तर त्यांतल्या कोणत्या दोघींना घरी पाठवतेस? नावं सांग. आत्ता सांग."

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतंच.

"आठव्या आठवड्यात हाज्जाची तपासणी आहे," ते जरा नरमून म्हणाले. "येऊ दे. पट्टी लाव. आकडा वाईट निघाला तर बोलू."

मी मान डोलावली. आज त्या मान डोलावण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तोंड वर करून भांडायला गेले होते आणि प्रमुखांनी तारीख दिली तशी निमूट परत आले. पुढचे दहा दिवस मी विभागात नुसती येरझाऱ्या घालत होते. पट्ट्या पुसायचे, पलंगांच्या चादरी उगाच बदलायचे. हाज्जाच्या घरी अजून दोनदा फोन केला. एकदा झोपली होती, एकदा शेजारी गेली होती.

तपासणीचा मंगळवार आला. नऊ वाजले, दहा वाजले. प्रत्येक वेळी दार उघडलं की मी वळून बघायची. एक वाजता वही बंद करायची वेळ झाली. हाज्जा बहिय्याच्या नावापुढे रकाना रिकामा होता. पेन हातात घेतलं आणि लिहिता येईना. गेल्या चौदा वर्षांत मी 'आली नाही' किती वेळा लिहिलं असेन, काही गणतीच नाही.

वही तशीच उचलून रिफअत यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"आज तुम्ही लिहा."

त्यांनी नाव वाचलं. पेन्सिल कानामागून काढली. "बरी झाली असे..." म्हणाले आणि तिथेच थांबले. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, अंगातला पांढरा कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "पट्टी घे. गाडी मागच्या बाजूला आहे."



हाज्जा अंगणात खुर्चीवर बसली होती, पाय एका उलट्या टोपलीवर सरळ ठेवलेला. भट्टी गार होती. भट्टीच्या तोंडाशी कोंबड्या बसल्या होत्या, आणि पाट भिंतीला टेकवून उभा केलेला. आम्हाला बघून हाज्जाने चेहरा फिरवला, जणू तिची चोरी पकडली होती.

रिफअत तिच्या पुढ्यात मातीत गुडघे टेकून बसले. मी त्यांना कधी जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतः पट्टी लावली. काढली, पुन्हा लावली. पुन्हा काढून तिसऱ्यांदा लावली. सहासष्ट. बहात्तरवरून मागे गेला होता.

"हाज्जा, तुम्ही आला का नाहीत?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

"गाडीत चढता येईना. तुझ्याकडे येत होते तेव्हा कसंबसं जमायचं. दोनदा नाक्यापर्यंत गेले. लोक मागून ओरडायला लागले, चढा नाहीतर बाजूला व्हा."

"मग सुनेला फोनवर 'बऱ्या आहेत' असं का सांगायला लावलंत?"

सून आत निघून गेली.

"तू म्हणालीस ना, सगळ्यांचा वाकतो. छापलंय म्हणालीस. मग माझाच वाकत नाही म्हणजे खोट माझ्यातच ना? दिवसातून तीनदा सांगितलंस, मी पाचदा करत होते. रडत रडत करत होते. तरी वाटायचं, मीच कुठेतरी अंगचोरपणा करतेय. कोणत्या तोंडाने सांगू तुला?"

वाटलं, ती चौकट भिंतीवरून काढून फोडावी. त्याने काय झालं असतं म्हणा.

रिफअत अजून मातीतच होते. "हाज्जा," ते म्हणाले, "खोट तुमच्यात नाही. कागदात आहे."

"कोणी लिहिलाय तो?"

"मी."

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग तिथे मातीत काय बसलात? उठा, खुर्ची घ्या. आणि आता काय करायचं ते सांगा."

चार आठवडे उरले होते. हाज्जाच्या मुलाकडे मालाची तीनचाकी होती. तो रोज कांद्याची पोती उतरवायचा, मागे गादी टाकायचा आणि आईला गादीवर पाय लांब करून बसवून आणायचा. ही सोय पहिल्या दिवसापासून दारात उभी होती. आम्ही कोणी विचारलं नाही, आणि सहाच खेपा म्हटल्यावर त्याने तरी का आणावं? बाकावरच्या बायका कुरकुरल्या. "ही कोण मोठी लागून गेली, रोज येते?" रिफअतनी दुपारी एक तास वाढवला आणि हाज्जाला त्या तासात स्वतः घेतलं. बेचाळीस जणींमधल्या एकीलाही घरी पाठवावं लागलं नाही, फक्त आम्ही सगळे घरी उशिरा जेवायला लागलो. नियम बदलला. ऑपरेशनच्या आधीचा आकडा बघायचा. नव्वदच्या वर असेल तिला सहा खेपा. खाली असेल तिला लागतील तितक्या. आणि जी येणार नाही तिच्या घरी दोन दिवसांत माणूस जाणार.

रिफअतनी पेपर छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिलं, आमच्या निष्कर्षात चूक आहे म्हणून. मला मसुदा दाखवला. सहीच्या जागी माझं नाव पहिलं होतं.

"लाजेच्या कागदावर बरं माझं नाव पहिलं?" मी म्हटलं.

"बोंब तूच मारलीस," ते म्हणाले आणि पेन्सिल कानामागे खोचली.

हाज्जा ओरडली, रिफअतना शिव्या दिल्या, एकदा माझ्या हाताला चावलीसुद्धा. सत्तर. एकोणऐंशी. नव्वद झाले त्या दिवशी बाकावरच्या बायकांनी जीभ हलवत लुलुलुलु करून आनंदाचा गजर केला. सत्त्याण्णव. बाराव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी एकशे चार. पुढच्या आठवड्यात मोजलं, एकशे चार. त्याच्या पुढच्या आठवड्यातही एकशे चारच.

उम्म रगबला तेवढंही मिळालं नाही. तिच्याकडे मी दर शुक्रवारी जाते. तिला जिना उतरण्याची एक युक्ती शिकवली, एवढंच. दोन वर्षांचा उशीर पट्टीने भरून निघत नाही.

रमजान सुरू व्हायच्या दोन दिवस आधी हाज्जाने मला जेवायला बोलावलं. अंगणात धूर होता, भट्टी पेटली होती आणि ती भट्टीसमोर बसली होती. पीठ हवेत उडवून पातळ करत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत तुपाने चमकत होते. मला बघून हात न थांबवता म्हणाली, "ये, बस. आता मी उंच झालेय. सुनेवर नजर ठेवायला बरं पडतं."

मी पाटाकडे बघितलं. त्याच्या चारही कोपऱ्यांखाली लाकडाचे नवे तुकडे ठोकलेले होते. जुनं लाकूड धुराने काळं पडलेलं, खालचं पांढरं फटक. एकशे चारमध्ये जुन्या पाटावर बसता येत नव्हतं, म्हणून मुलाने पाट वर उचलला होता. भट्टीचं तोंड मात्र होतं तिथेच, जमिनीलगत. प्रत्येक फतीर आत सोडताना तिला कमरेतून वाकावं लागत होतं, आणि दर वेळी ती ओठ दाबत होती.

सवयीने माझा हात खाली गेला. खिशात पट्टी नव्हती, म्हणून त्या नव्या तुकड्यांची उंची बोटांनीच मोजली. पाचव्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत मी तिला घरी बसवलं होतं. ते तीन आठवडे, लाकडात मोजले तर, चार बोटं भरले.

"काय शोधतेस खाली?" हाज्जाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"मग हात धू. गरम आहे तोवर खा."

मी हात धुतले आणि तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. तिने फतीर तोडून पहिला तुकडा माझ्या हातात ठेवला आणि दुसरी आत सोडायला पुन्हा कमरेतून वाकली.